मोटारींतील बिनतारी यंत्र

माळशिरस तालुक्यांतील श्रीपूर हें उंसाच्या गाड्यांचें गांव. बृहन् महाराष्ट्र शुगर सिंडिकेट ही १९३४ सालीं स्थापन झालेली कंपनी. तिचा साखर कारखाना येथेंच उभा राहिला. हंगामांत येथले रस्ते उंसानें भरतात, आणि आषाढी वारीस तुकोबांच्या पालखीनें हाच भाग गजबजून जातो. अशा गांवीं ज्या कुटुंबाची जीपगाडी शेतावर, दवाखान्यांत व प्रसंगीं परगांवीं धांवते, त्यानें तींत दोन्ही बाजूंनीं बोलतां येणारें बिनतारी यंत्र बसवावें काय, याचा विचार आज आम्ही करणार आहों.

प्रत्येकाच्या खिशांत फोन असतां ही उठाठेव कशाला, असें कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. परंतु फोनचा आवाज मनोऱ्यावरून जातो. मनोऱ्याची वीज गेली, किंवा एकाच वेळीं हजारों माणसें बोलूं लागलीं, कीं तो मुका होतो. बिनतारी यंत्र मनोऱ्यावांचून थेट दुसऱ्या यंत्राशीं बोलूं शकतें. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे किल्लारीस भूकंप झाला, त्या वेळीं हौशी बिनतारी चालकांनीं निरोप पोंचविण्याचें काम केलें. असा दिवस सांगून येत नाहीं. म्हणून यंत्र आधींच, आणि नीट, बसविलेलें असावें लागतें.

नीट म्हणजे कसें? पहिली गोष्ट विजेची. ५० वॅटचें यंत्र बोलतांना सुमारें १० अँपिअर किंवा अधिक प्रवाह ओढतें. तो सिगारेट पेटविण्याच्या खोबणींतून घेऊं नये. जाड तारा थेट बॅटरीपासून आणाव्या. धन तारेवर बॅटरीच्या अगदीं जवळ फ्यूज असावा. तो केवळ यंत्रापाशीं असला आणि मधली तार पत्र्यास घांसून उघडी पडली, तर बॅटरीचा सर्व जोर तेथें उतरून गाडी पेट घेऊं शकते. इंजिनाकडून तार आंत येते त्या भोंकांत रबरी कडें बसवावें. वस्तु अगदीं थोड्या किमतीची. पण तीच विसरली जाते.

दुसरी गोष्ट अँटेनाची. १४५ मेगाहर्ट्झच्या लहरींस सुमारें अर्ध्या मीटरची काडी पुरते. ती छपराच्या मधोमध असावी, म्हणजे आवाज चारी दिशांस सारखा जातो. अँटेना जोडल्यावांचून बोलण्याची कळ दाबूं नये. यंत्र बिघडण्याचा संभव असतो.

तिसरी गोष्ट डॅशबोर्डची. यंत्रानें चालकाची नजर अडूं नये, एअरबॅग उघडते ती जागा टाळावी, आणि यंत्रामागें वारा खेळावा. मायक्रोफोन शेजारी बसलेल्याच्या हातीं येईल असा टांगावा. चालकानें गाडी थांबवूनच बोलावें, असें आमचें स्पष्ट मत आहे.

अमेरिकेंत बेयॉन शहराच्या पोलिसांनीं १९३३ सालीं आपल्या गाड्यांत दुतर्फा यंत्रें बसविलीं. त्यापूर्वीं पोलिसांच्या गाडींत बहुधा नुसतें ऐकतां येई. त्याच सालीं हिंदुस्थानांत बिनतारी यंत्र विनापरवाना बाळगण्यास कायद्यानें बंदी झाली, आणि अशा शक्तीच्या यंत्रास परवाना आजही लागतो. हौशी चालकाची परीक्षा १२ वर्षांवरील मुलामुलींस देतां येते. मात्र या परवान्यावर उंसाच्या वाहतुकीचे धंद्याचे निरोप देतां येत नाहींत.

या यंत्रावर एका वेळीं एकानेंच बोलावयाचें असतें. कळ दाबून ठेवली असतां दुसऱ्याचें ऐकूं येत नाहीं. दहा माणसांच्या पंक्तीस बसणाऱ्या घरांत ही संवय आधींच असावयास हवी; नसेल तर यंत्र लावील.

तेव्हां आमचें उत्तर असें: घरांतील एकानें तरी परवाना मिळवावा, ओळखींतल्या दुसऱ्या परवानाधारकाशीं वेळ ठरवावी, मगच यंत्र घ्यावें, आणि महिन्यांतून एकदां तरी त्यावर बोलून फ्यूज व तारा तपासाव्या. साध्या दिवशीं ज्यावर कोणी बोलत नाहीं, तें यंत्र अडचणीच्या दिवशीं चालेल असा भरंवसा कोणीं धरावा?