पेपर आमचा, कुलूप तुमचं!

शनिवारी सकाळी नऊ वाजता फोन वाजला की समजावं, एकतर सर्व्हर पडलाय किंवा नातेवाईकांचं काम निघालंय. या वेळी मामेबहीण होती. सांगलीजवळच्या एका खाजगी कॉलेजात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट काय, तर छातीच्या एक्स-रेवरून टीबी ओळखणारं सॉफ्टवेअर. "दादा, एक पेपर हवाय. तू आयटीत आहेस ना, काहीतरी जुगाड कर."

(आयटीत असणं म्हणजे आमच्या घराण्यात प्रिंटर दुरुस्तीपासून रेल्वेच्या तत्काळ तिकिटापर्यंत सगळं येणं. असो.)

लिंक उघडली. वरचा सारांश फुकट, पुढे कुलूप. अख्खा पेपर वाचायचा तर बत्तीस डॉलर, तेही चोवीस तासांसाठी. तिच्या मेसच्या महिन्याच्या बिलापेक्षा थोडेच कमी! मग लेखकांची नावं वाचली आणि चहा घशातच अडकला. चारही जण भारतातले, सरकारी संस्थेतले. खाली आभार मानलेत केंद्र सरकारच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाचे, अनुदानाबद्दल. म्हणजे संशोधनाला पैसा माझ्या-तुमच्या टॅक्सचा, रोग आपल्याकडचा, रुग्ण आपले, आणि वाचायचे पैसे मात्र परदेशातल्या प्रकाशकाला.

हा धंदा कसा चालतो बघा. सरकार संशोधनाला पैसे देतं. शास्त्रज्ञ पेपर लिहितो आणि जर्नलला फुकट देतो. दुसरे शास्त्रज्ञ तो तपासून देतात, बहुतेक वेळा तेही फुकट. मग कॉपीराइट प्रकाशकाच्या नावावर होतो आणि तोच पेपर त्याच शास्त्रज्ञाच्या लायब्ररीला विकला जातो. आमच्या कंपनीत असं बिझनेस मॉडेल कुणी मांडलं असतं, तर लोकांनी त्याला आधी पाणी दिलं असतं प्यायला.

कुणी म्हणेल, अरे, सरकारने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' आणलंय की! आणलंय, आणि चांगलंच केलंय. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशक, जवळपास तेरा हजार जर्नल्स, केंद्र आणि राज्य सरकारच्या ६,३०० हून अधिक संस्था, १.८ कोटी विद्यार्थी-शिक्षक-संशोधक. भागाकार केला तर माणशी वर्षाला अकराशे रुपये. एकेका कॉलेजाने वेगळं घासाघीस करण्यापेक्षा हे शंभर पट बरं.

पण हा वाचायचा पास आहे, दार उघडलेलं नाही. पहिला टप्पा सरकारी संस्थांपुरता, म्हणजे माझी बहीण बाहेर. मी बाहेर. तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारा डॉक्टरही बाहेर. आणि करार संपला की पुन्हा टेबलावर बसायचं. तेव्हा भाव कोण ठरवणार, सांगा बरं?

मग उरतो जुगाड. कझाकस्तानच्या अलेक्झांड्रा एल्बाक्यानने २०११ मध्ये सुरू केलेलं 'साय-हब' कुठल्या इंजिनिअरला माहीत नाही? डिसेंबर २०२० मध्ये तीन प्रकाशक त्याविरुद्ध दिल्ली हायकोर्टात गेले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये कोर्टाने ती साइट भारतात बंद करायला सांगितलं. कायद्याने बरोबर असेलही. पण ज्या वस्तूसाठी प्रामाणिक विद्यार्थ्याला चोरवाटेने जावं लागतं, त्या वस्तूच्या दुकानातच काहीतरी गडबड आहे.

"पण प्रकाशकांनाही खर्च असतोच ना?" हो, असतो. संपादन आहे, सर्व्हर आहेत, जुने अंक जपायचे आहेत. प्रश्न खर्चाचा नाहीच, तो कुठल्या टोकाला भरायचा याचा आहे. याचं उत्तर कणभौतिकीवाल्यांनी शोधून ठेवलंय. सर्नच्या पुढाकाराने जानेवारी २०१४ पासून 'स्कोप-थ्री' नावाची व्यवस्था चालू आहे. चाळीसहून अधिक देशांतल्या लायब्ऱ्या आणि अनुदान देणाऱ्या संस्था वर्गणीचे पैसे एकत्र करतात आणि थेट जर्नल्सना देतात. बदल्यात त्या विषयातले पेपर साऱ्या जगाला खुले. वाचणाऱ्याला पैसे नाहीत, लिहिणाऱ्यालाही नाहीत. आणि यात बडे व्यापारी प्रकाशकही आहेत बरं का, कुणी उपाशी मेलं नाही. ब्राझीलने तर १९९७ मध्येच 'सायेलो' हे स्वतःचं खुलं व्यासपीठ उभं केलं. पुढे शेजारी देश आले, स्पेन, पोर्तुगाल, दक्षिण आफ्रिकाही आले. म्हणजे श्रीमंत देशांनाच जमतं, ही सबबही गेली.

आणि कुलूप काढता येतं हे तर आपण डोळ्यांनी पाहिलंय. ११ जानेवारी २०२० ला शांघायच्या चांग योंगचेन यांच्या टीमने काढलेला कोरोनाचा जीनोम सिडनीच्या एडवर्ड होम्स यांच्यामार्फत सगळ्या जगासाठी खुला झाला. दोन दिवसांत मॉडर्नाच्या लशीचा आराखडा ठरला. जगभर टेस्ट किटवर काम सुरू झालं, आणि मार्चमध्ये पुण्याच्या मायलॅबच्या किटला मंजुरी मिळाली. त्याच सुमारास मोठ्या प्रकाशकांनी कोरोनावरचे पेपर फुकट केले. वा! मग टीबीने काय पाप केलंय? जगातल्या टीबी रुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे. जो रोग विमानाने लंडन-न्यूयॉर्कला पोचतो त्याचं ज्ञान खुलं, आणि जो चाळीत, झोपडपट्टीत राहतो त्याचं बत्तीस डॉलर?

आपण आयटीवाल्यांनी तर याबाबत गप्प बसूच नये. ३० एप्रिल १९९३ ला सर्नने वर्ल्ड वाइड वेबचं सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी मोफत खुलं केलं. त्यांनी त्यावर मीटर बसवला असता, तर आज हिंजवडीच्या ट्रॅफिकला शिव्या घालायला आपण तिथे असतो का?

पण सगळा दोष परदेशी प्रकाशकांवर ढकलून मोकळं होणं म्हणजे आपला आवडता खेळ. आपल्याच विज्ञान-तंत्रज्ञान आणि जैवतंत्रज्ञान विभागांनी डिसेंबर २०१४ मध्ये धोरण काढलंय की अनुदानातून आलेल्या पेपरची प्रत खुल्या संग्रहात ठेवायची. झकास! म्हणून त्या संस्थेच्या साइटवर गेलो. संग्रहाच्या लिंकवर टिचकी मारली, तर पान सापडत नाही. धोरण आहे, पान नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. सहा हजार कोटी मोजणारा ग्राहक छोटा नसतो. २०२७ नंतरच्या कराराला बसताना नुसता पास मागू नका. निदान भारतीय पैशातून झालेला प्रत्येक पेपर जगाला खुला करा, ही अट घाला. ब्राझीलसारख्यांना सोबत घेऊन घाला. आणि ज्याने अनुदान घेऊन प्रत ठेवली नाही, त्याचा पुढचा हप्ता थांबवा. बघा संग्रहाची पानं कशी पटापट उघडतात.

बहिणीच्या पेपरचं काय झालं? मी सरळ पहिल्या लेखकाला मेल टाकली. रविवारी रात्री उत्तर आलं, सोबत पीडीएफ आणि प्रोजेक्टला शुभेच्छा. लिहिणाऱ्याला द्यायचं होतं, वाचणारीला हवं होतं. मग मधे बत्तीस डॉलर घ्यायला नक्की कोण उभं होतं?