मद्रासला घ्यायला कोणी आलं नव्हतं

16 ऑगस्टला काबूलच्या विमानतळावरून उडालेल्या अमेरिकी विमानातून माणसं खाली पडताना आपण सगळ्यांनी मोबाईलवर पाहिली. बंगळुरूत नागरभावीला आम्ही चार संशोधक एका फ्लॅटमध्ये राहतो. त्या रात्री जेवताना तो व्हिडिओ पुन्हा लागला आणि आमच्यातला एक जण हसला. म्हणाला, "तीन लाखांची फौज होती म्हणे. न लढताच पळाली. असल्यांसाठी कोण कशाला मरेल?" माणूस वाईट नाही तो. दुसऱ्याला अमेरिकेची जिरली याचाच आनंद जास्त. तिसऱ्याच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काबूलच्या निमित्तानं इथल्या मुसलमानांचा हिशेब काढणं सुरू झालं होतं. वीस वर्षांच्या युद्धाचे तीन निकाल चार घासांत लागले.

मी ताट धुऊन गच्चीवर गेलो आणि गावी तात्यांना फोन लावला.

तात्या माझे थोरले चुलते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या बौद्धवाडीतून महार रेजिमेंटमध्ये भरती झालेले. शांतिसेनेबरोबर ते श्रीलंकेत होते. घरात त्यावर बोलणं होत नाही. बाबासाहेबांच्या फोटोशेजारी त्यांचा वर्दीतला फोटो आहे, तेवढाच काय तो उल्लेख. मी विचारलं, बातम्या बघितल्या का? म्हणाले, "बघितल्या. आम्ही मद्रासला उतरलो तेव्हा आम्हाला तरी कोण घ्यायला आलं होतं?" मग भाताला यंदा पाऊस बरा आहे म्हणाले आणि फोन ठेवला.

परकी फौज हरून निघून जाते तेव्हा लोक काय बोलतात, याची चर्चा करताना आपण कायम अमेरिकेकडे बघतो. व्हिएतनाम, आता अफगाणिस्तान. पण आपली फौजही एकदा परकी फौज होती. 29 जुलै 1987 ला राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी कोलंबोत करार केला. तमिळ बंडखोरांची शस्त्रं जमा करून शांतता राखायला आयपीकेएफ, म्हणजे शांतिसेना गेली. ऑक्टोबरमध्ये तिचं एलटीटीईशीच युद्ध सुरू झालं. ऐन भरात सत्तर हजारांवर जवान तिथं होते. अकराशेहून जास्त मेले. पुढे श्रीलंकेच्या सरकारनंच निघून जा म्हटलं आणि 24 मार्च 1990 ला शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली. एलटीटीई संपली नव्हती. तमिळ माणसाला काही मिळालं नव्हतं.

या युद्धाची सुरुवातच बघा. 11 ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानात हेलिकॉप्टरनं जवान उतरवले. एलटीटीई तयारीत होती. गोळीबार इतका झाला की पुढची हेलिकॉप्टरं येऊच शकली नाहीत. 13 शीख लाइट इन्फन्ट्रीचे तीस जण उतरले होते, त्यातले एकोणतीस मेले, एक पकडला गेला. शीख लाइट इन्फन्ट्री म्हणजे शीख रेजिमेंट नव्हे. तिच्यात मजहबी आणि रामदासिया शीख भरती होतात. म्हणजे पंजाबातले आपले लोक.

दीड महिन्यानं, 25 नोव्हेंबरला, 8 महारचे मेजर रामास्वामी परमेश्वरन छातीत गोळी लागूनही लढत मेले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. मुंबईत जन्मलेला हा तमिळ माणूस तमिळ बंडखोरांशी लढताना गेला.

या दोन पलटणींचा इतिहास आपल्याला पाठ असायला हवा. इंग्रजांनी महारांची भरती 1890 च्या दशकात बंद केली. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा 1917 ला पलटण उभारली, 1921 ला मोडली. मजहबींच्या पायोनियर पलटणी 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला मोडल्या. आणि 1941 मध्ये, दुसरं महायुद्ध पेटलेलं असताना, महार रेजिमेंट आणि मजहबी-रामदासिया रेजिमेंट, दोन्ही उभ्या राहिल्या. गरज लागली की लढाऊ, गरज सरली की अस्पृश्य. श्रीलंकेत फक्त आपलेच मेले असं मी म्हणत नाही. गोरखा होते, मराठा लाइट इन्फन्ट्री होती. पण ज्या घरांतून हे जवान गेले, त्यांतल्या कुणाला कोलंबोच्या कराराबद्दल कोणी विचारलं नव्हतं.

आता लोकांच्या प्रतिक्रियेबद्दल. शेवटची तुकडी मद्रासला आली तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. या फौजेनं तमिळ मारले, हे त्यांचं कारण. त्यासाठी त्यांना आजही शिव्या दिल्या जातात. मला ते कारण खोटं वाटत नाही. मला खुपतं ते वेगळंच: करार करणाऱ्यांना, बिनमाहितीचं हेलिकॉप्टर उतरवण्याचा हुकूम देणाऱ्यांना कुणी कधी बंदरावर उभं करून तोंड फिरवलं नाही. ते वाट्याला आलं शिपायाच्या.

आणि उरलेल्या देशाचं काय? त्याच वर्षी 7 ऑगस्टला व्ही. पी. सिंग यांनी मंडल आयोग लागू करण्याची घोषणा केली. 27 टक्के राखीव जागांसाठी दिल्लीचे रस्ते पेटले. कॉलेजांची मुलं निषेध म्हणून रस्त्यावर बूट पॉलिश करायला बसली, म्हणजे ज्यांचा तो रोजचा धंदा त्यांचा अपमान करत. देश संपला असा आक्रोश होता. पाच महिन्यांपूर्वी अकराशे मृतांचं युद्ध हरून फौज परतली होती, तेव्हा या आक्रोशाचा मागमूस नव्हता. शांतिसेनेच्या मृतांची नावं दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकावर आली 2019 मध्ये. श्रीलंकेनं आपल्या राजधानीजवळ त्यांचं स्मारक त्याच्या दहा-अकरा वर्षं आधीच बांधलं होतं.

इथवर लिहिणं सोपं आहे, कारण यात आपण फक्त सोसणारे आहोत. पण 21 ऑक्टोबर 1987 ला, दिवाळीच्या दिवशी, भारतीय सैनिक जाफन्याच्या सरकारी रुग्णालयात शिरले. दोन दिवसांत तिथं साठ-सत्तर माणसं मेली. रुग्ण, डॉक्टर, नर्स. लष्करानं ती चकमक असल्याचं सांगितलं. जाफना विद्यापीठात शिकवणाऱ्या डॉक्टर रजनी थिरणगामा यांनी सहकाऱ्यांबरोबर तिथल्या अत्याचारांची नोंद केली, भारतीय फौजेचीही आणि एलटीटीईचीही. 21 सप्टेंबर 1989 ला त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. तो आळ एलटीटीईवर आहे.

आपल्या वस्तीत वर्दीला मान आहे आणि तो कमावलेला आहे. सुभेदार रामजींच्या पगारानं आणि पलटणीच्या शाळांनी काय घडवलं ते आपल्याला सांगायला नको. माझी फीसुद्धा पहिली तीन वर्षं तात्यांच्या पेन्शनीतून गेली. पण त्या अभिमानात जाफन्याचं रुग्णालय बसवायचं कुठं? तमिळ विधवेला शिपायाची जात विचारून काय कळणार होतं? आपण हा प्रश्न टाळतो, कारण तो विचारला की देशद्रोही ठरवायला बाहेरचे टपलेलेच आहेत आणि घरातले दुखावतात. मीही इतकी वर्षं टाळलाच.

आमच्या कॅम्पसवर एक अफगाण विद्यार्थी आहे, हजारा समाजाचा. काबूलमध्ये पिढ्यान्‌पिढ्या हमाली आणि घरकाम वाट्याला आलेला हा समाज. चहाच्या टपरीवर मी त्याला आमच्या फ्लॅटमधलं बोलणं सांगितलं. तो चिडला नाही. त्याचा मावसभाऊ त्या 'न लढता पळालेल्या' फौजेत होता. कित्येक महिने पगार नव्हता, शेवटी ठाण्यावर भाकरीही पोचत नव्हती. बायडन 16 तारखेच्या भाषणात म्हणाले की अफगाण फौजच स्वतःसाठी लढायला तयार नाही. त्या युद्धात अमेरिकेचे 2,400 हून जास्त सैनिक मेले. अफगाण सैनिक आणि पोलीस मेले सहासष्ट हजारांच्या आसपास. हे आकडे मी फ्लॅटमधल्या मित्राला दाखवले. तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला, मग म्हणाला, हे कुणी सांगतच नाही.

25 ऑगस्टला आपल्या सरकारनं देशाबाहेर असलेल्या अफगाणांचे आधी दिलेले व्हिसा रद्द केले. त्या मुलाची बहीण तशा व्हिसावर पुण्याला शिकायला येणार होती. 2021 मध्ये त्याऐवजी नवा ई-व्हिसा आणला. रोज सकाळी तो वेबसाइट उघडून बघतो.

दिवाळीच्या सुट्टीत मी गावी जाणार आहे. रुग्णालयाच्या त्या दोन दिवसांत तात्या जाफन्यात होते का, हे मला विचारायचं आहे. त्या फोटोखाली बसून ते तोंडातून निघेल का, ते अजून ठरत नाही.