आधी मास्तर, मग मशीन

प्रोजेक्टचे विषय ठरायची वेळ आली की एखादा ग्रुप तरी म्हणतोच, "शाळेतल्या मुलांसाठी ई-लर्निंगचं ॲप करू या!" गाईड खूष, व्हायवाही सोपी! पण ते ॲप शाळेत गेल्यावर पुढे काय, हे सहसा कुणी विचारत नाही. अमेरिकेतही एकदा हा प्रश्न विचारायचा राहून गेला.

तिथे सरकारी शाळांचा कारभार 'स्कूल डिस्ट्रिक्ट' ही स्थानिक संस्था पाहते. लॉस एंजेलिसचं डिस्ट्रिक्ट देशात दुसऱ्या क्रमांकाचं. २०१३ मध्ये तिथे विद्यार्थी होते साडेसहा लाखांच्या आसपास. त्या साली प्रत्येकाला आयपॅड द्यायचं ठरलं. वायफायसकट खर्च अब्ज डॉलर्सच्या घरात! हेतू चांगलाच होता, गरिबाच्या मुलालाही श्रीमंताच्या मुलासारखं साधन मिळावं. पण वाटप सुरू झालं आणि काही दिवसांतच तीनशेहून जास्त पोरांनी फिल्टरला बगल दिली. (पोरं ती पोरंच! आपण तरी वेगळं काय केलं असतं?) त्यावरचा अभ्यासक्रम अर्धवट होता. परीक्षेला वेगळा कीबोर्ड लागेल, हे मागाहून लक्षात आलं. आयपॅड हरवला तर भरपाई कुणी द्यायची, तेही नक्की नव्हतं. शेवटी ऑगस्ट २०१४ मध्ये करार थांबवला गेला.

आता दुसरं उदाहरण बघा. नॉर्थ कॅरोलिनातलं मूर्सव्हिल हे छोटं डिस्ट्रिक्ट. २००७ च्या अखेरीस त्यांनी लॅपटॉप दिले ते आधी शिक्षकांना! मुलांची पाळी नंतर, तीही टप्प्याटप्प्याने. शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी खास वेळ राखून ठेवला. घरी इंटरनेट नसलेल्यांसाठी स्वस्त कनेक्शनची सोय झाली. २००८ मध्ये तिथली ८० टक्के मुलं शालेय शिक्षण पूर्ण करत होती, २०११ मध्ये ९१ टक्के. प्रत्येक मुलामागचा खर्च मात्र राज्यातल्या बहुतेक डिस्ट्रिक्टपेक्षा कमीच!

नाण्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याच काळात तिथे ३७ शिक्षकांच्या जागा कमी झाल्या आणि वर्ग मोठे झाले. मला हे पटत नाही. मशीन शिक्षकाच्या मदतीला यावं, त्याच्या जागेवर नव्हे.

कुणी म्हणेल, एवढ्याशा गावाची लॉस एंजेलिसशी तुलना कसली? बरोबर आहे. पण पसारा जितका मोठा, तितकी आधी आखणी जास्त नको का? पाच शाळांत चालवून बघा, चुका शोधा, मग पन्नास शाळांत न्या. हे आपल्याला टेस्टिंगच्या तासाला शिकवतातच की!

आणि यात पणाला फक्त पैसा लागत नाही. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा लॉस एंजेलिसला पुन्हा उपकरणं आणि इंटरनेट जमवायला धावपळ करावी लागली. ज्याच्या घरी नेट नाही, त्या पोराची शाळाच बंद! पहिल्या रांगेतला पोरगा कसाही शिकतो हो, मार खातो तो शेवटच्या बाकावरचा.

म्हणून मित्रांनो, असा प्रोजेक्ट घेणार असाल तर कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी एक दिवस शाळेत जाऊन बसा. बाईंना विचारा, नेट गेलं तर काय करता? बिघडलं तर कुणाला बोलावता? मुलांना घरी मोबाईल कितपत मिळतो? ही उत्तरं मिळवणं हीच खरी रिक्वायरमेंट ॲनालिसिस. नाहीतर आपलं ॲप व्हायवाला पास होईल आणि शाळेत नापास!