शब्दांची खतावणी

परभाषेच्या कोशाची थोरवी मराठी पत्रानें कां गावी, असा प्रश्न आमचे कांहीं वाचक करतील. त्यांस आमचें उत्तर इतकेंच कीं, चांगली वस्तु परक्याच्या घरीं आहे म्हणून ती पाहूं नये, हें शहाणपण आम्हांस मान्य नाहीं. 'ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी' ही अशीच एक वस्तु होय. एक शब्द पाहावयास ती उघडावी आणि दहा शब्दांच्या घरीं पाहुणचार घेऊन तासाभरानें बाहेर पडावें, असा अनुभव शब्दांच्या शौकिनांस तींत नेहमीं येतो.

याचें कारण उघड आहे. सामान्य कोश शब्दाचा आजचा अर्थ सांगून थांबतो. हा कोश शब्दाचें चरित्र सांगतो. शब्द लिखाणांत प्रथम केव्हां आढळला, पुढें त्याचा अर्थ कसकसा पालटला, हें तो जुने उतारे सालवार देऊन दाखवितो. व्यापारी मंडळींच्या भाषेंत सांगावयाचें तर ही शब्दांची खतावणी असून, तींत नोंदीस पावती जोडलेली आहे. 'नाइस' म्हणजे आज छान. परंतु इंग्रजींत तो शब्द आला तेव्हां त्याचा अर्थ मूर्ख असा होता. 'सिली' म्हणजे आज खुळा. पूर्वीं तोच शब्द सुखी, धन्य अशा अर्थीं चाले. बदल म्हणजे भ्रष्टता असें मानणाऱ्यांनीं या दोन नोंदी अवश्य वाचाव्या.

हें कार्य झालें कसें? 1857 सालीं लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटींत त्याचा विचार निघाला आणि 1879 सालीं जेम्स मरे यांनीं संपादकत्व पत्करलें. हे गृहस्थ स्कॉटलंडमधील एका शिंप्याचे पुत्र. चौदाव्या वर्षीं त्यांची शाळा सुटली होती. दहा वर्षांचें म्हणून हातीं घेतलेलें काम 1928 सालीं पुरें झालें. मरे 1915 सालींच निवर्तले. कोशांत चार लाखांवर शब्द आणि अठरा लाखांवर उतारे आले. ते शेंकडों सामान्य वाचकांनीं घरीं पुस्तकें वाचून, चिठ्ठ्यांवर उतरून, विनामोबदला पाठविले होते.

या वाचकांत स्त्रियाहि होत्या. ईडिथ टॉम्सन व त्यांची बहीण यांनीं हजारों उतारे पुरविले. तथापि 1928 सालीं समाप्तीची मेजवानी झाली, तेव्हां स्त्रियांस पंक्तीचें आमंत्रण नव्हतें! शब्द वेंचावयास बाई चालते, पंक्तीस चालत नाहीं, हा न्याय केवळ आमच्याच देशांतला नव्हे. मात्र दुसऱ्याच्या दोषाआड आपला दोष लपत नाहीं.

आतां आमच्या घराकडे वळूं. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ति त्याच 1857 सालीं निघाली. पुढें 1932 ते 1938 या काळांत दाते, कर्वे प्रभृतींनीं 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात खंड सिद्ध केले. हें ऋण मोठें आहे. परंतु प्रत्येक शब्दाचा आजवरचा प्रवास सालवार दाखविणारा ऑक्सफर्डच्या तोडीचा कोश मराठींत अद्याप व्हावयाचा आहे. आमच्या मुंगसाची कुळकथा इंग्रजी कोशांत 'माँगूस' या शब्दाखालीं मिळावी आणि आम्हीं हातावर हात ठेवून बसावें, हें शोभत नाहीं. मोट गेली, तिच्यामागून नाडा व सोंदूर हे शब्दहि चालले. मोटेचें पाणी जेथें पडे तें थारोळें; आज तें बहुधा रक्तपाताच्या बातमींतच भेटतें.

यास उपाय सरकारी समितीची वाट पाहणें हा नव्हे. आपल्या पेढीवरील, मागावरील, स्वयंपाकघरांतील मावळता शब्द प्रत्येकानें एका चिठ्ठीवर लिहावा. त्याचा अर्थ, तो कोणत्या गांवीं व कोणाच्या तोंडीं ऐकला, हें एका वाक्यासह नोंदावें. घरांतील आजींस प्रथम विचारावें. आणि त्यांचें नांव चिठ्ठीवर अवश्य घालावें.