लिपस्टिकवरचा ससा



पुतण्याचा मंगल परिणय ठरला आणि घरात खरेदीची यादी सुरू झाली. आमची कन्या सोळा वर्षांची, यंदा अकरावीत. तिने यादीत लिहिले : ‘लिपस्टिक एक, काजळ एक. प्राण्यांना त्रास न देता बनवलेले.’ आम्ही हसलो. "अगं, इथे माणसांचे हाल कोणी विचारत नाही आणि तू सशांचे काय घेऊन बसलीस?" असे म्हणून मोकळे झालो. ती शांतपणे म्हणाली, "पप्पा, दर रविवारी विहारात आपण पहिले शील म्हणतो. ते नुसते म्हणायलाच आहे का?"

आम्हाला उत्तर सुचले नाही. कचेरीत दुसऱ्यांची बिले तपासण्यात आमची वीस वर्षे गेली. म्हटले, हेही तपासून पाहू.

घरातील वडीलधाऱ्यांची हरकत आधीच होती. बौद्धाच्या मुलीने ओठ रंगवायचेच कशाला? पण माळा, गंध, प्रसाधने यांचा त्याग अष्टशीलात येतो आणि तो उपोसथाच्या दिवशी अष्टशील घेणाऱ्यांसाठी आहे. रोजच्या संसारी माणसाला पंचशील. शिवाय डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आमच्या आज्या-पणज्यांना काय सांगितले? अस्पृश्यतेची खूण ठरलेले दागिने टाका, लुगडे नीट नेसा, स्वच्छ राहा. नीटनेटके दिसणे हा त्यांनी स्वाभिमानाचा भाग मानला. तेव्हा मुलगी नटते म्हणून तिला रागे भरण्याचे कारण नाही. तिचा प्रश्न वेगळा होता : माझ्या नटण्याची किंमत दुसऱ्या कोणी का द्यावी?

आता सशाची गोष्ट. १९४४ साली अमेरिकेत जॉन ड्रेझ या शास्त्रज्ञाने एक चाचणी रूढ केली. सशाला मान हलवता येऊ नये असे अडकवायचे, त्याच्या डोळ्यात पदार्थ घालायचा आणि डोळा किती सुजतो, किती नासतो याची दिवसेंदिवस नोंद करायची. पुढे काजळ, शाम्पू, क्रीम यांसाठी असंख्य ससे या नोंदवहीत गेले.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अहिंसेचा विचार करताना मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत फरक केला आहे. औषधाबद्दल वाद होऊ शकेल. पण ओठांच्या रंगासाठी सशाचा डोळा जाण्याची गरज कोणती? बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आपण घेतली आहे. आम्ही ज्या प्रश्नाला हसलो, त्याचे उत्तर आमच्याच देव्हारा नसलेल्या घरातील भिंतीवर फ्रेम करून टांगलेले होते!

आपल्या देशात सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करण्यास २०१४ च्या मे महिन्यात बंदी आली. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून, परदेशात प्राण्यांवर चाचणी केलेली प्रसाधने आयात करण्यासही बंदी झाली. मग शोधायचे काय उरले? उरले ते असे, की एकच कंपनी अनेक देशांत माल विकते. इथे कायदा पाळणारी कंपनी दुसऱ्या देशातील मालासाठी चाचण्या करू शकते आणि आपला पैसा त्याच गल्ल्यात पडतो. म्हणून वेष्टनावर सशाचे चिन्ह पाहावे. पण ससा कोणीही छापू शकतो. चिन्हासोबत प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचे नाव असावे आणि त्या संस्थेच्या यादीत कंपनी आहे का, ते मोबाईलवर पडताळावे.

दुकानदाराने आम्हाला हिरवा ठिपका दाखवला. "साहेब, प्युअर आहे." हिरवा ठिपका घटकांबद्दल बोलतो, चाचणीबद्दल नाही. आणि ताटात काय आहे ते पाहून माणसाची पायरी ठरवणाऱ्यांनी, भाड्याची खोली नाकारणाऱ्यांनी या ‘प्युअर’ शब्दाचे काय केले आहे, हे आपल्या समाजाला सांगायला नको. आपला प्रश्न सोवळ्याचा नाही, करुणेचा आहे. तरी माहिती असावी : लाल रंगासाठी काही लिपस्टिकमध्ये किड्यांपासून काढलेला कार्माइन असतो. घटकांच्या यादीत तो सी.आय. ७५४७० या क्रमांकाने ओळखता येतो.

यादी वाचता वाचता कन्येने आणखी एक नाव विचारले. मायका. म्हणजे अभ्रक, क्रमांक सी.आय. ७७०१९. लिपस्टिकची आणि पापण्यांच्या रंगाची चमक पुष्कळदा त्याचीच. झारखंडमधील कोडरमा, गिरिडीह आणि बिहारमधील नवादा या भागांत बंद पडलेल्या खाणींतून गरीब कुटुंबे अभ्रकाचे तुकडे वेचतात. त्याला तिकडे ढिबरा म्हणतात. त्या कुटुंबांत दलित-आदिवासी आहेत आणि वेचणाऱ्या हातांत लहान मुलांचे हात आहेत. २०१६ साली रॉयटर्स या वृत्तसंस्थेने अशा खाणींत दोन महिन्यांत सात मुले दगावल्याचे उघड केले. त्यानंतर २०१७ मध्ये काही कंपन्या व संस्थांनी एकत्र येऊन सुधारणेचा उपक्रम सुरू केला. पण सशाचे चिन्ह या मुलांबद्दल काहीही सांगत नाही.

म्हणजे माणसांचे हाल आणि सशाचे हाल एकाच डबीत भरलेले होते. आम्ही उगाच दोन्हींत भांडण लावत होतो.

भगिनींनो, आपली ऐपत बेताची आहे. महागड्या दुकानात जा असे आम्ही म्हणत नाही. एवढेच करा. उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापरण्याची मुदत नसलेली वस्तू स्वस्त मिळाली तरी मुलीच्या ओठांना, डोळ्यांना लावू देऊ नका. प्रमाणित ससा पाहा. चमक नसलेला रंग निवडा. नवीन वस्तू आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर थांबा. आणि दहा डब्यांऐवजी एकच घ्या.

आम्ही तसेच केले. सशाचे चिन्ह असलेली, अभ्रक नसलेली एक लिपस्टिक मिळाली. तिला साजेसे काजळ आमच्या बजेटमध्ये बसेना. कन्या म्हणाली, "राहू द्या, पप्पा." मंगल परिणयाच्या दिवशी मंडपात सगळ्यांनी त्रिसरण-पंचशील म्हटले. ती आमच्या शेजारी उभी होती. पहिले शील म्हणताना आमचाच आवाज थोडा दबला. तिचा मात्र खणखणीत होता.