वन डे की मुक्काम?

दिवाळीची सुट्टी संपली की कट्ट्यावर ट्रिपचे बेत शिजायला लागतात. सोलापूरकडच्या ग्रुपमध्ये हमखास निघणारं नाव म्हणजे बदामी. नावावर लगेच एकमत होतं. मग कुणीतरी विचारतं, वन डे की मुक्काम? आणि निम्मा ग्रुप गप्प होतो.

आधी साधा हिशेब. सोलापूर ते बदामी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन नऊ-दहा तास गाडीतच. बदामीहून पट्टदकल वीसेक किलोमीटर, ऐहोळे त्याच्याही पुढे. वन डेवाले तिन्ही ठिकाणी पोचतात, पण बघत काहीच नाहीत. भर दुपारी लेण्यांच्या पायऱ्या चढायच्या, रील काढायची, की चला गाडीत! पट्टदकलचं विरूपाक्ष मंदिर पूर्वाभिमुख आहे. आठव्या शतकात राणी लोकमहादेवीनं आपल्या नवऱ्याच्या, दुसऱ्या विक्रमादित्याच्या, कांचीवरच्या विजयानिमित्त ते बांधलं. त्याच्यावरचं कोरीवकाम बघावं ते सकाळच्या उन्हात. उलट बदामीच्या तळ्याकाठचं भूतनाथ मंदिर खुलतं मावळतीला. मधे एक रात्र हवीच.

सगळीकडेच मुक्काम करा, असं नाही. कोल्हापूरहून खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर एका दिवसात निवांत होतं. स्वर्गमंडपाचे ४८ खांब मोजा, वर उघड्या गोल छताकडे बघत बसा, तरी येताना नरसोबाच्या वाडीत बासुंदी खायला वेळ उरतो.

बदामीचं घोडं अडतं ते पैशापाशी नाही. एका खोलीत चौघं-पाचजणं राहिली की खर्च आवाक्यात येतो. अडतं परवानगीपाशी. मुक्काम म्हटलं की आधी मुली गळतात. मग पोरं एकतर ‘आपण आपण जाऊ’ म्हणतात, नाहीतर सगळ्यांसाठी वन डे ठरवतात. गंमत बघा, पहाटे चारला निघून रात्री दोनला परतणारी, पेंगुळलेल्या ड्रायव्हरच्या भरवशावरची ट्रिप घरी ‘सेफ’ म्हणून पास होते. आतून कडी लावलेल्या खोलीतली आठ तासांची झोप मात्र नापास!

आई-बाबांची काळजी खोटी नाही. पण ‘आई, प्लीज ना’ एवढ्यावर ती जाणारही नाही. लॉजचं नाव, खोल्या कुणाच्या कुणाबरोबर, ड्रायव्हरचा नंबर, परतायची वेळ, सगळं एका कागदावर लिहून घरी द्या. मुलींनी एकटीनं घरी भांडत बसण्यापेक्षा ग्रुपनं मिळून घरच्यांशी बोलावं, त्यात मुलगेही आले. आणि इतिहास किंवा मास कॉमचा विभाग असेल तर सरळ अभ्याससहल म्हणून अर्ज करा, बरोबर एखाद्या मॅडम येतील असं बघा. कॉलेजांनीही असा अर्ज ‘जबाबदारी कोण घेणार’ म्हणून परत पाठवू नये. ती घेण्यासाठीच तर विभाग असतो.

अर्ज डिसेंबरच्या आत गेला तर बरं. मार्चमध्ये परीक्षा डोक्यावर असतात आणि बदामीचा दगडही तापायला लागतो.