थकलेल्या इंजिनास नवा कॅमशाफ्ट

बारामतीहून इंदापुरास जाणाऱ्या रस्त्यावरील सणसर गांवाची ओळख नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी, त्या पाण्यावरचा ऊंस आणि लागूनच असलेला भवानीनगरचा साखर कारखाना एवढ्यांत पुरी होते, असें पुष्कळांस वाटतें. परंतु या पंचक्रोशींत यंत्रांची आवडही मोठी आहे व ती आजची नव्हे. ज्यांच्या नांवानें याच तालुक्यांत वालचंदनगर वसलें, त्या शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही मोटारी बनविणारी कंपनी काढली. ट्रॅक्टर, पाण्याचा पंप आणि कारखान्याचा भोंगा यांच्या सहवासांत वाढणाऱ्या मुलाच्या हातीं पान्हा सहज येतो. त्यासाठीं त्यास कोणी पुस्तक वाचून दाखवावें लागत नाहीं.

या आवडीचेंच एक नवें रूप आमच्या तरुण वाचकांपैकीं कित्येकांच्या मनांत घोळत असतें. एके काळीं वेगाविषयीं नांवाजलेली, पण आतां दीड-दोन लाख किलोमीटर रनिंग झालेली गाडी स्वस्तांत घ्यावयाची. आणि तिचा पिकअप वाढावा म्हणून मूळचा कॅमशाफ्ट काढून त्याजागीं अधिक उंच व अधिक रुंद लोबांचा, म्हणजे शर्यतीच्या धाटणीचा, कॅमशाफ्ट बसवावयाचा. हा बेत बहुधा चुकीचा आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. तो कां चुकीचा हें इंजिनाच्या पोटांत शिरूनच सांगितलें पाहिजे. नुसत्या ‘करूं नको’ या शब्दांनीं तरुणांचें समाधान होत नाहीं, व होऊंही नये.

हवा व पेट्रोल यांचें मिश्रण आंत ओढणें, तें दाबणें, पेटविणें आणि जळालेला वायु बाहेर टाकणें, हीं चार कामें पिस्टनाच्या चार खेपांत होतात. यासाठीं जीं दारें लागतात ते व्हॉल्व्ह. तीं केव्हां उघडावयाचीं, किती उघडावयाचीं व केव्हां मिटावयाचीं, याचा हुकूम कॅमशाफ्टाकडून सुटतो. क्रँकशाफ्टाचे दोन फेरे होतात तेव्हां कॅमशाफ्टाचा एक होतो. त्याच्या अंगावरील अंड्याच्या आकाराचे उंचवटे म्हणजे लोब. लोबाच्या उंचीवर दार किती उघडेल हें ठरतें व त्याच्या रुंदीवर तें किती वेळ उघडें राहील हें ठरतें.

आतां हवेलाही वजन असतें, व वजन असलेली वस्तु चटकन् हलत नाहीं आणि हलली म्हणजे चटकन् थांबत नाहीं. मिनिटास ६००० फेरे होत असतां पिस्टनाची एक खेप सेकंदाच्या दोनशेंव्या भागांत संपते. एवढ्या अवधींत सिलिंडर भरावयाचा तर दार आधीं उघडावें लागतें, आणि पिस्टन खालून वर येऊं लागला तरी कांहीं काळ उघडेंच ठेवावें लागतें. वेगानें येणारी हवा त्याला न जुमानतां आंत शिरतच राहते. शर्यतीच्या कॅमशाफ्टाचें सारें रहस्य यांतच आहे. परंतु तेंच इंजिन १५०० किंवा २००० फेऱ्यांवर चालूं लागलें म्हणजे येणाऱ्या हवेंत तेवढा जोर नसतो. वर येणारा पिस्टन नुकतीच आंत घेतलेली हवा उघड्या दारांतून परत ढकलून देतो. उरलेली थोडी हवा दाबली जाते, दाब कमी पडतो, व ताकद त्याच मानानें घटते. म्हणून असा कॅमशाफ्ट नवी ताकद फुकट देत नाहीं. तो खालची ताकद काढून वर नेऊन ठेवतो.

मग प्रश्न असा कीं, आमच्या रस्त्यांवर ताकद कोठें लागते? दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू झाला म्हणजे सणसर, भवानीनगर, जाचकवस्ती या टापूंत उंसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर व बैलगाड्या यांची रीघ लागते. रात्रीं कित्येक ट्रॉल्यांस मागें दिवाही नसतो. अशा रांगेमागून ताशी ३० किलोमीटरनें जावयाचें, जागा मिळतांच पुढें सरावयाचें, पुन्हां थांबावयाचें, हाच प्रवास. येथें इंजिन २००० ते ३५०० फेऱ्यांत तत्पर असावें लागतें. ६००० फेऱ्यांवर मिळणारी जादा अश्वशक्ति या रस्त्यावर वापरावयास जागा नाहीं, व असूंही नये. ज्यास ती खरोखर वापरावयाची आहे त्याच्याकरितां चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै येथें शर्यतीचा स्वतंत्र मार्ग आहे. तेथें जाणाऱ्या गाडीस असा कॅमशाफ्ट शोभतो. आमचें त्याच्याशीं भांडण नाहीं.

इतकें निरोगी इंजिनाविषयीं झालें. थकलेल्या इंजिनाची गोष्ट याहून वाईट आहे. रनिंग वाढतें तशी पिस्टनाच्या रिंगांची व बोअरची झीज होते. आमच्याकडील धूळ, विशेषतः एअर फिल्टर वेळेवर न बदलल्यास, ती झीज लवकर घडवून आणते. दाबलेल्या हवेचा कांहीं अंश रिंगांच्या बाजूनें निसटतो. व्हॉल्व्हांच्या बैठका खराब असल्यास आणखी कांहीं तिकडून निसटतो. फेरे जितके कमी तितका निसटावयास अवधि जास्त, म्हणून खालच्या फेऱ्यांवर ही गळती अधिक जाणवते. आणि मोठा कॅमशाफ्टही नेमका खालच्याच फेऱ्यांवर दाब घटवितो. एक तूट झिजेची व दुसरी कॅमशाफ्टाची, अशा दोन तुटी एकाच ठिकाणीं पडतात. सकाळीं गाडी चालूं करण्यास त्रास, उभी असतां इंजिनाचें गचके खाणें आणि चढावर गियर खालीं टाकावा लागणें, हें सर्व त्यांतूनच उद्भवतें. अॅव्हरेज पडतें तें निराळेंच.

आणखी एक गोष्ट आहे, व आम्ही तीस सर्वांत अधिक महत्त्व देतों. पेट्रोलच्या गाडीचा ब्रेक पायाखालीं हलका लागतो, तो इंजिनाच्या ओढीनें इनटेक नळींत उत्पन्न होणाऱ्या पोकळीमुळें. मोठ्या कॅमशाफ्टांत आंतलें व बाहेरचें दार अधिक काळ एकाच वेळीं उघडें राहतें, म्हणून इंजिन सावकाश चालत असतां ही पोकळी कमी होते. झिजलेल्या इंजिनांत ती आधींच कमी असते. तेव्हां उंसाच्या रांगेंत वरचेवर ब्रेक दाबावा लागत असतां पाय जड पडूं लागतो. आणि हें चालकास अगोदर कोणी सांगितलेलें नसतें. शिवाय ज्या गाड्यांत पेट्रोलचें माप याच पोकळीचा दाब पाहून ठरतें, त्यांत तें मापही बिघडतें.

उदाहरणादाखल होंडा सिटी घेऊं. ही गाडी भारतांत १९९८ सालीं आली व २००० सालीं तिचा दीड लिटरचा व्हीटेक प्रकार निघाला. त्याची ताकद १०६ अश्वशक्ति. त्या काळच्या मानानें ती मोठीच, आणि आजही जुन्या वेगवान गाडीचा शोध घेणारे हें नांव प्रथम उच्चारतात. व्हीटेक म्हणजे काय? वर सांगितलेला पेंच होंडाच्या अभियंत्यांसही पडला होता, व तो त्यांनीं १९८९ सालीं जपानांत इंटेग्रा गाडींत मोठ्या चातुर्यानें सोडविला: एकाच कॅमशाफ्टावर सौम्य व उंच असे दोन्ही जातींचे लोब ठेवले. फेरे कमी असतां सौम्य लोब काम करतात. फेरे वाढले म्हणजे तेलाच्या दाबानें एक खिटी सरकते, रॉकर एकमेकांस जखडले जातात व उंच लोब कारभार हातीं घेतो. सिटीच्या इंजिनांत ही योजना हवा आंत घेणाऱ्या व्हॉल्व्हांपुरती आहे. याचा अर्थ असा कीं, आमचा तरुण जो कॅमशाफ्ट विकत घ्यावयास निघाला, तो त्याच्या इंजिनांत एका परीनें पूर्वीच बसलेला आहे. तो जागा होत नसेल तर बहुधा तेलाचा दाब पडला आहे, किंवा व्हीटेकच्या सोलेनॉइडची बारीक जाळी गाळानें तुंबली आहे. ती साफ करण्याचा खर्च कॅमशाफ्टाच्या किंमतीपुढें कांहींच नव्हे.

ज्यांस नवा कॅमशाफ्ट परवडत नाहीं ते जुनाच घासून घेतात. गिरणीवर लोबाच्या पाठीमागचा गोल भाग घासून लहान केला म्हणजे त्या मानानें शेंडा उंच ठरतो व दार जास्त उघडतें. युक्ति खरी आहे. पण तिच्यांत एक धोका आहे, व तो समजावयास आमच्या लोकांनीं सोलापुराकडे पाहावें. इंदापुरावरून हमरस्त्यानें कांहीं तासांच्या वाटेवर असलेल्या या शहरांत १९९२ सालीं प्रिसिजन कॅमशाफ्ट्स हा कारखाना निघाला, व तेथील कॅमशाफ्ट आज परदेशच्या मोटारींतही फिरत आहेत. अशा ओतीव कॅमशाफ्टाच्या साच्यांत लोबांच्या जागीं लोखंडाचे थंड तुकडे बसवितात. त्यांस लागलेला रस एकदम थिजून अतिशय कठीण होतो, आंतला गाभा सावकाश निवून त्या मानानें मऊ राहतो. हा कठीण थर थोड्याच मिलिमीटरांचा असतो. झिजलेला कॅमशाफ्ट पुन्हां घासतांना हा थर पातळ होतो, कधीं पार निघूनही जातो, आणि मग नवा दिसणारा लोब थोड्याच दिवसांत सपाट होतो. त्याचा झडलेला चुरा तेलांतून साऱ्या इंजिनभर फिरतो तो वेगळाच.

यावर असें म्हणणारेही आहेत कीं, अमक्यानें जुन्या गाडीस मोठा कॅमशाफ्ट घातला व गाडी खरोखरच सुधारली. आम्ही त्यांस खोटें म्हणत नाहीं. पण त्यांनीं काय काय बदललें हें विचारून पाहावें. कॅमशाफ्टाबरोबर रॉकर नवे आले, व्हॉल्व्ह घासले गेले, व्हॉल्व्हांचे सील बदलले, टायमिंग बेल्ट बदलला, टॅपेट सेट झाले, तेल ताजें पडलें. लोब झिजून दार पुरतें उघडत नव्हतें तें आतां पुरतें उघडूं लागलें. ही सुधारणा बहुतांशीं दुरुस्तीची आहे; मूळच्याच मापाचा नवा कॅमशाफ्ट घातला असता तरी ती झाली असती, आणि खालची ताकदही शाबूत राहिली असती.

कायद्याची बाजू थोडक्यांत सांगतों. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमानें नोंदणीपत्रांतील तपशील मूळ बनावटीशीं विसंगत होईल असा फेरफार करण्यास मनाई आहे, व जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही या कलमाचा अर्थ कडकपणेंच लावला. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनीं तपासणी करून पुढें चालू ठेवावी लागते. आमच्या भागाकरितां तें काम बारामतीच्या परिवहन कार्यालयांत होतें. पेट्रोल गाडीचा धूर तपासतात तो इंजिन सावकाश चालवून, आणि मोठ्या कॅमशाफ्टाचें न जळलेलें पेट्रोल नेमकें तेव्हांच बाहेर पडतें.

एवढें वाचूनही ज्याचा हात शिवशिवत असेल, त्यानें पैसे मोजण्याआधीं इंजिन मोजावें. इंजिन गरम करून, सर्व प्लग काढून व थ्रॉटल पूर्ण उघडून चारी सिलिंडरांचें कॉम्प्रेशन घ्यावें. कोणताही सिलिंडर इतरांहून दहाव्या हिश्श्यापेक्षां जास्त मागें असेल तर तेथेंच थांबावें. मागें पडलेल्या सिलिंडरांत चमचाभर तेल सोडून पुन्हां मोजावें: आंकडा चढला तर दोष रिंगांचा, न चढला तर बहुधा व्हॉल्व्हांचा. गरम इंजिनाचा तेलाचा दाब दिव्यावर विसंबून न राहतां घड्याळ लावून पाहावा. उतारावरून गियरमध्यें गाडी सोडून तळाशीं पाय दिल्यावर निळा धूर निघाला तर व्हॉल्व्हचे गाईड व सील गेले असें समजावें. कॉम्प्रेशनचें घड्याळ ज्या गॅरेजांत नाहीं, तेथें कॅमशाफ्टाची गोष्टच काढूं नये. जुन्या लोबांची उंची मायक्रोमीटरनें मोजून कंपनीच्या मापाशीं ताडावी. झीज निघाल्यास मूळ मापाचाच कॅमशाफ्ट आणावा, त्याबरोबर रॉकर नवे घ्यावे, व्हॉल्व्हांच्या स्प्रिंगांचा जोर तपासून घ्यावा, आणि बसवितांना प्रत्येक लोबावर जाड वंगण लावून मगच हेडचें झांकण मिटावें.